कपलिंग नक्की कुठल्या पायरीवर अडलंय?

मागच्या अंकात क्रॉस-कपलिंगवर दोन पानं लिहिली होती, म्हणजे पॅलेडियमसारखा धातू वापरून दोन वेगवेगळ्या रेणूंमधले कार्बन एकमेकांना कसे जोडतात त्यावर. मला वाटलं होतं आंबा, मासे आणि एसटीच्या फेऱ्या सोडून हे कोण वाचणार, पण प्रश्न आले आणि चांगले भरपूर आले. सगळे घेता येणार नाहीत. सारखेच होते ते एकत्र केलेत, नावं कोणाचीच छापत नाही कारण दोघांनी तरी स्पष्ट लिहिलंय की "सर, कंपनीत कळलं तर पंचाईत".

माझो झील लोट्याक एका केमिकल कंपनीत कामाक आसा. फोनार सांगता, आज पॅलेडियमची बॅच आसा, उशीर होतलो. ह्यां पॅलेडियम म्हणजे सोन्यासारख्या काय तरी असता काय? इतक्या जपतत कित्याक? (एक वाचक, मालवण)

काकी, तुमचा अंदाज अगदी बरोबर आहे. पॅलेडियम हा चांदीसारखा दिसणारा, प्लॅटिनमच्या घरातला धातू. 2019-20 च्या सुमाराला तर तो सोन्यापेक्षाही महाग झाला होता, कारण जगातलं बरंचसं पॅलेडियम गाड्यांच्या सायलेन्सरच्या बाजूला धूर साफ करणारा जो डबा असतो त्यात जातं. तुमच्या मुलाच्या बॅचमध्ये ते फार थोडं पडतं, शंभर रेणूंमागे एखाद-दुसरं, कधी त्याहूनही कमी. काम झालं की गाळून, धुऊन ते परत गोळा करतात आणि शुद्ध करायला पाठवतात, म्हणून त्या गाळणीवरचा काळा चिखलसुद्धा मोजूनमापून ठेवावा लागतो.

दुसरं कारण औषधाचं. तोंडाने घ्यायच्या औषधातून दिवसाला 100 मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त पॅलेडियम पोटात जाता कामा नये असा आंतरराष्ट्रीय दंडक आहे, म्हणजे एका ग्रॅमचा दहा हजारावा भाग. तेवढं काढून टाकल्याशिवाय माल पुढे जात नाही. तर उशीर होतो तो ह्याच्यामुळे, झिलाला ओरडू नका.

जाता जाता एक गंमत. विल्यम वोलॅस्टन ह्या इंग्रज माणसाने हा धातू 1802 मध्ये शोधला पण जाहीर न करता लंडनच्या एका दुकानात "नवी चांदी" म्हणून निनावी विकायला ठेवला. नाव दिलं त्याच वर्षी सापडलेल्या पॅलास ह्या लघुग्रहावरून.

सर, मी टीवायला आहे. सुझुकी रिअ‍ॅक्शनच्या तीन पायऱ्या पाठ आहेत पण तोंडी परीक्षेत "बेस कशाला लागतो" विचारलं की अडते. आमच्या मॅडम म्हणतात कॅटॅलिस्ट म्हणजे लग्न जुळवणारा मध्यस्थ, तसं लिहिलं तर चालेल का? (विद्यार्थिनी, सावंतवाडी)

मॅडमचं उदाहरण वाईट नाही गं, पण मध्यस्थ काय करतो, दोन घरांत जाऊन येतो आणि लग्नात जेवून निघून जातो, त्याचा हात कोणी धरत नाही. पॅलेडियम दोघांनाही स्वतःला बांधून घेतं, आणि सगळी मेकॅनिझम त्या बांधण्या-सोडण्याचीच आहे. म्हणून उदाहरण बाजूला ठेव आणि एक खरी रिअ‍ॅक्शन समोर घे. सुझुकी म्हणजे एका बाजूला हॅलाइड (कार्बनला आयोडीन, ब्रोमीन किंवा क्लोरीन लागलेला रेणू), दुसऱ्या बाजूला बोरॉनिक अ‍ॅसिड, आणि जोडणारं पॅलेडियम.

4-ब्रोमोअ‍ॅसिटोफिनोन, 199 मिलिग्रॅम, म्हणजे एक मिलिमोल. त्यात फिनाइलबोरॉनिक अ‍ॅसिड थोडं जास्त, पोटॅशियम कार्बोनेट दुप्पट, सॉल्व्हंट, थोडं पाणी, आणि टेट्राकिस म्हणून जी पिवळी पावडर असते ती 5 टक्के म्हणजे 58 मिलिग्रॅम. त्या 58 मधलं खरं पॅलेडियम किती माहितीये? जेमतेम 5 मिलिग्रॅम, बाकी सगळा फॉस्फिनचा, म्हणजे पॅलेडियमला धरून बसलेल्या फॉस्फरसवाल्या रेणूंचा पसारा. आणि तो पसारासुद्धा आधी थोडा उतरवावा लागतो, कारण चार फॉस्फिन लावून बसलेलं पॅलेडियम अठरा इलेक्ट्रॉननी भरलेलं असतं, चारही बाजूने माणसं बसलेल्या बाकड्यासारखं, तिथे पाचवा कुठे बसणार. दोन फॉस्फिन निघाले की मग जागा होते.

आता पॅलेडियम शून्य अवस्थेत आहे. ते कार्बन आणि ब्रोमीनच्या मध्ये शिरतं, तो बंध तुटतो आणि दोन्ही तुकडे पॅलेडियमलाच चिकटतात. ह्यात पॅलेडियमने दोन इलेक्ट्रॉन घातले म्हणून ते शून्यावरून अधिक दोनवर गेलं, म्हणून नाव ऑक्सिडेटिव्ह अ‍ॅडिशन. ऑक्सिजनचा इथे काडीचा संबंध नाही, दर वर्षी पेपर तपासताना निदान दहा जण लिहितात की "ऑक्सिजन अ‍ॅड होतो" आणि मी लाल पेन बाजूला ठेवून चहा प्यायला जातो. हा बंध तोडायला किती जड ते हॅलोजनवर आहे, बेंझीनच्या कडीवरचा आयोडीन तोडायला साधारण 65 किलोकॅलरी, ब्रोमीन 81, क्लोरीन 96, म्हणून आयोडाइड पटकन येतात आणि क्लोराइड साध्या फॉस्फिनला दाद देत नाहीत, त्यांना जाडजूड, इलेक्ट्रॉन देणारे लिगंड (फॉस्फिनसारखे धातूला धरून बसणारे रेणू) लागतात. आपल्या उदाहरणात समोरच्या टोकाला अ‍ॅसिटाइल आहे, तो इलेक्ट्रॉन ओढतो म्हणून ही पायरी सोपी झाली. तिथे मेथॉक्सी असता तर संथ चाललं असतं.

आता तुझा बेस. फिनाइलबोरॉनिक अ‍ॅसिडमधल्या बोरॉनकडे एक ऑर्बिटल रिकामं असतं आणि त्यामुळे ते काही द्यायच्या मनःस्थितीत नसतं, स्वतःच भुकेलेलं, ते आपला फिनाइल, म्हणजे त्याच्यावरची बेंझीनची कडी, दुसऱ्याला कसा देणार. बेसमधून हायड्रॉक्साइड येऊन बोरॉनवर बसला की बोरॉनला चार हात होतात, ऋण भार येतो आणि मग फिनाइल सोडणं सोपं जातं. हे झालं एक उत्तर, पुस्तकात हेच असतं. पण दुसरी वाटही आहे आणि तोंडीला तीही सांग: बेस पॅलेडियमवरचा ब्रोमाइड हटवून तिथे हायड्रॉक्साइड बसवतो, आणि हे पॅलेडियम-हायड्रॉक्साइड साध्या, भार नसलेल्या बोरॉनिक अ‍ॅसिडला ऑक्सिजनच्या हाताने धरतं. ह्या दोन वाटांवर वर्षानुवर्षं वाद होता, 2011 मध्ये हार्टविग यांच्या गटाने वेग मोजून दाखवलं की नेहमीच्या पाणी घातलेल्या परिस्थितीत दुसरी वाट जास्त वाहते, आणि 2016 मध्ये डेनमार्क (हे आडनाव आहे, देश नाही) यांच्या गटाने कमी तापमानाला एनएमआरमध्ये (रेणूची रचना दाखवणाऱ्या यंत्रात) पॅलेडियम-ऑक्सिजन-बोरॉन अशी साखळी असलेले मधले रेणू प्रत्यक्ष पाहिले. दोन्ही वाटांत बेस लागतोच. तो नसेल तर ट्रान्समेटलेशन, म्हणजे फिनाइलने बोरॉनवरून पॅलेडियमवर उडी मारणं, होतच नाही. सुझुकी आणि मियाउरा यांची 1979 ची कमाई मुळात हीच, की बोरॉनसारखा थंड गडीसुद्धा बेस दिला की कामाला लागतो.

शेवटी पॅलेडियमवर दोन कड्या आल्या. पण पॅलेडियम दोनचा आकार चौकोनी सपाट असतो, आणि त्या दोन कड्या समोरासमोरच्या कोपऱ्यात असतील तर काही होत नाही, शेजारी-शेजारी यायला हव्यात. आल्या की त्यांचा एकमेकींशी बंध होतो, पॅलेडियम दोन इलेक्ट्रॉन परत घेऊन शून्यावर येतं आणि पुढच्या ब्रोमाइडकडे जातं. ही रिडक्टिव्ह एलिमिनेशन. जाड लिगंड इथे कामी येतात कारण ते गर्दी करून त्या दोघींना बाहेर ढकलतात.

परीक्षेत वर्तुळ काढ आणि प्रत्येक टप्प्यावर पॅलेडियम शून्य आहे की दोन ते लिही, एवढ्याने अर्धे मार्क येतात. आणि पाठ करू नकोस, "आत्ता पॅलेडियमच्या हातात काय काय आहे" एवढंच स्वतःला विचार.

जुलैत आमच्या लॅबमध्ये ग्रिन्यार्ड काही केल्या सुरू होत नाही, आयोडीनचा खडा टाकला, गरम केलं, काही नाही. पण सुझुकी मस्त चालते. असं का? (एमएस्सी, दापोली)

कारण ग्रिन्यार्डचं पाण्याशी वाकडं आहे आणि सुझुकीचं नाही. ग्रिन्यार्डमधला मॅग्नेशियमला जोडलेला कार्बन पाण्यातला हायड्रोजन दिसला रे दिसला की उचलतो आणि संपला विषय, आणि आपल्याकडे जुलैत हवेत पाणी नाही तर पाण्यात थोडी हवा असते, वाळत घातलेले पंचे चौथ्या दिवशीही ओले आणि वर वास. काच ओव्हनमध्ये रात्रभर ठेव, गरम असतानाच नायट्रोजनखाली जोड, ईथर ताजं सोडियमवरून ओढलेलं घे, हे सगळं तुला माहीत असणारच. त्यामुळे ग्रिन्यार्ड वापरणारं कुमाडा कपलिंग किंवा झिंक वापरणारं नेगिशी कपलिंग पावसाळ्यात जिवावर येतं. बोरॉनिक अ‍ॅसिड मात्र पाण्यात बिनधास्त राहतं, उलट थोडं पाणी असलं की कार्बोनेट विरघळतं, हायड्रॉक्साइड मिळतो, वर सांगितलेली दुसरी पायरी सुटते.

पण म्हणून गाफील राहू नका. सुझुकीला पाणी चालतं, हवा चालत नाही, आणि ह्यात गल्लत करून मी एक अख्खा आठवडा घालवलाय. एमएस्सीच्या प्रोजेक्टला होतो, पावसाळा, लाइट जाऊन येऊन. टेट्राकिसची बाटली फ्रीजमधून काढली आणि घाईघाईत तशीच उघडली. थंडगार बाटली, बाहेर अशी दमट हवा, आतल्या काचेवर क्षणात दव आलं, शहाळ्याची बाटली फ्रीजमधून काढली की बाहेरून येतं ना तसं, फक्त हे आतून. मी म्हटलं सुझुकीला पाणी चालतं की, झाकण लावलं आणि ठेवली परत. आठ दिवसांनी लिंबासारखी पिवळी पावडर कडेने हिरवट आणि मध्ये विटकरी झालेली. तरी वापरली, कारण दुसरी मागवायला पैसे कोण देणार! टीएलसीवर (रिअ‍ॅक्शन कुठवर आली ते ठिपक्यांनी दाखवणाऱ्या पट्टीवर) सकाळी जो स्पॉट तोच संध्याकाळी, सुरुवातीचा माल जसाच्या तसा. पाण्याने नव्हे, उघडझाक करताना आत गेलेल्या हवेने फॉस्फिन ऑक्साइड झालं होतं आणि पॅलेडियम उघडं पडलं होतं. तेव्हापासून सवय आहे: बाटली आधी अर्धा तास टेबलावर, बाहेरून पुसायची, मग उघडायची, लगेच नायट्रोजन सोडून बंद. रंग हिरवट किंवा विटकरी दिसला तर तोलूसुद्धा नका.

आणखी एक. बोरॉनिक अ‍ॅसिड वजनावर विश्वास ठेवण्यासारखं नसतं, तीन रेणू पाणी सोडून एकत्र येतात आणि बोरॉक्सिन नावाची कडी करतात, बाटलीत दोन्हींची भेळ असते, म्हणून तुमचं 1.1 इक्विव्हॅलंट (हॅलाइडच्या 1.1 पट रेणू) खरं किती हे सांगता येत नाही. म्हणून लोक 1.3, 1.5 घेतात.

लॅबला 92 टक्के यील्ड येतं. प्लांटला तीच रेसिपी, बॅच दोन तासांत काळी पडते, क्लोरो इंटरमीडिएट अर्धा तसाच, आणि बोरॉनिक अ‍ॅसिडचा डायमर भरपूर. सीनिअर म्हणतात पॅलेडियम वाढव. (केमिस्ट, लोटे परशुराम)

सीनिअरचं ऐकू नका असं मी छापून कसं सांगू! पण आधी जरा थांबा. पॅलेडियम वाढवणं म्हणजे डब्यात झुरळं झाली म्हणून डबे वाढवणं.

काळं पडलं म्हणजे काय झालं ते बघा. दाभोळ-धोपावे फेरीबोट डोळ्यासमोर आणा. बोट रिकामी होऊन परत धक्क्याला आली आणि पुढची गाडी तयार असेल तर लगेच चढते. गाडी चढायला तयार नसेल तर बोटी धक्क्याला नुसत्या थांबून राहतात, आणि आपल्या बाबतीत त्या थांबलेल्या बोटी एकमेकींना चिकटून एक ढीग होतो, मग गाड्या आल्या तरी बोट नाही. पॅलेडियम शून्यला चढायला हॅलाइड मिळालं नाही किंवा अंगावर लिगंड राहिला नाही की अणू अणूला धरतो आणि काळा गाळ बसतो. म्हणजे तुमची अडलेली पायरी बहुतेक पहिलीच. त्यात तुमचा क्लोराइड, तो मुळातच 96 किलोकॅलरीवाला जड गडी, त्याला लिगंड शाबूत हवा. आणि लिगंड कोण खातंय, तर ऑक्सिजन.

आता डायमर, इथे तुम्हाला फुकटात निदान मिळतं म्हणून नीट वाचा. तुम्ही पॅलेडियम अ‍ॅसिटेट किंवा तसलं अधिक दोन अवस्थेतलं काही रिअ‍ॅक्टरमध्ये टाकत असाल तर ते शून्यावर यायला हवं, आणि ते काम फॉस्फिनने केलं नाही तर बोरॉनिक अ‍ॅसिडचे दोन रेणू करतात: दोघं पॅलेडियमवर चढतात, एकमेकांना चिकटून डायमर होऊन उतरतात, पॅलेडियम शून्यावर. म्हणजे एका पॅलेडियममागे जास्तीत जास्त एक डायमर. तुमचं पॅलेडियम 1 टक्का असेल आणि डायमर 1 टक्क्याच्या आसपास असेल तर तो हा, आणि त्याचं फार काही वाटून घ्यायचं कारण नाही. पण डायमर 6-7 टक्के असेल तर पॅलेडियम पुन्हा पुन्हा शून्यावरून दोनवर जातंय आणि पुन्हा पुन्हा डायमर करतंय, आणि त्याला तिथे नेणारा हवेतला ऑक्सिजनच. तुम्ही "भरपूर" लिहिलंय, आकडा लिहिला नाही, क्यूसीकडून, म्हणजे माल तपासणाऱ्या विभागाकडून, तो आकडा मागून घ्या. तसंच बोरॉनिक अ‍ॅसिडपासून झालेलं फिनॉल दिसतंय का तेही बघा, तेही ऑक्सिजनचंच पाऊल असतं.

लॅबच्या 100 मिलीच्या फ्लास्कमध्ये तुम्ही नायट्रोजन दहा मिनिटं बुडबुडवला की झालं. प्लांटला बहुतेक वेळा काय होतं, नायट्रोजनचा ब्लँकेट असतो, म्हणजे वरच्या मोकळ्या जागेत, द्रवात विरघळलेली हवा तशीच. मग रिअ‍ॅक्टरच्या वरचा मॅनहोल उघडून कार्बोनेटची पोती ओततात, प्रत्येक पोत्याबरोबर हवा आत, मॅनहोल बंद, "नायट्रोजन चालू आहे सर". चालू असतो, पण वर. कार्बोनेट आणि पाणी आधी घ्या, सॉल्व्हंट घ्या, नायट्रोजन डिप पाइपने खालून सोडा, नाहीतर व्हॅक्यूम-नायट्रोजन तीनदा करा, आणि पॅलेडियम व लिगंड सगळ्यात शेवटी, मॅनहोल न उघडता. अर्थात तुमच्या सेफ्टीवाल्यांशी बोलून, सॉल्व्हंटच्या वाफा बाहेर जाण्याचा प्रश्न असतो.

ढवळण्याकडेही बघा. पाणी आणि टोल्युईनसारखे दोन थर असतील तर लॅबला मॅग्नेटिक बीड सगळं फेसाळून टाकते, प्लांटला अँकर स्टरर वरचा थर फक्त फिरवतो. बेस खाली, पॅलेडियम वर, मग ट्रान्समेटलेशन कुठून होणार? आणि गरम व्हायला लॅबला पंधरा मिनिटं लागतात, तुमच्या रिअ‍ॅक्टरला दोन-तीन तास, तेवढा वेळ बोरॉनिक अ‍ॅसिड गरम बेसमध्ये बसून नुसतं हायड्रोजन घेऊन वाया जातं, विशेषतः त्यात पिरिडीनसारखी कडी असेल आणि बोरॉन नायट्रोजनच्या शेजारच्या जागेवर असेल तर फारच लवकर. तेव्हा ते तापमानाला आल्यावर हळूहळू सोडून बघा.

एवढं करून काळं पडलंच तर मग लिगंडचा विषय काढा, पॅलेडियम वाढवण्याचा सगळ्यात शेवटी.

हेक रिअ‍ॅक्शनमध्ये तर बोरॉनही नाही आणि झिंकही नाही. मग ट्रान्समेटलेशन कशाचं? (विद्यार्थी, रत्नागिरी)

कशाचंच नाही. हेकमध्ये ती पायरीच नसते. पहिली पायरी तीच, नंतर पॅलेडियम आणि कडी मिळून अल्कीनच्या दुहेरी बंधावर एकाच बाजूने बसतात, मग शेजारच्या कार्बनवरचा हायड्रोजन पॅलेडियम घेतं आणि दुहेरी बंध परत तयार होतो. आता पॅलेडियमकडे हायड्रोजन आणि ब्रोमाइड उरले, ते बेस काढून घेतो आणि पॅलेडियम शून्यावर. म्हणजे बेस इथेही आहे पण काम निराळं, सुझुकीत मधल्या पायरीला, इथे शेवटी आवराआवरीला. हे दोन्ही एकाच उत्तरात मिसळू नका.

2010 चं नोबेल हेक, नेगिशी, सुझुकी तिघांनाच का? सोनोगाशिरा, स्टिल, कुमाडा यांनी काय घोडं मारलं? (वाचक, गुहागर)

ह्या तिघांच्याही नावाची कपलिंग आहेत, पण नोबेल एका विषयात तिघांहून जास्त जणांना देत नाहीत आणि मरणोत्तर देत नाहीत. स्टिल 1989 मध्ये अमेरिकेत विमान अपघातात गेले. कुमाडाही तोवर नव्हते. सोनोगाशिरा होते, आणि त्यांचं नाव असायला हवं होतं असं माझंही मत आहे पण मला कोण विचारतंय. नेगिशी आणि सुझुकी दोघंही पर्ड्यू विद्यापीठात हर्बर्ट ब्राऊन यांच्या हाताखाली शिकलेले, आणि ब्राऊन यांना बोरॉनवरच्याच कामासाठी 1979 चं नोबेल, ज्या वर्षी सुझुकींचे ते पेपर आले तेच वर्ष. सुझुकींनी पेटंट घेतलं नाही, म्हणून आज लोट्यापासून जगात कुठेही ही रिअ‍ॅक्शन बिनधास्त चालते.

पॅलेडियम एवढं महाग आहे तर निकेल, लोखंड का वापरत नाहीत? मध्यंतरी धातूशिवायच कपलिंग केल्याचंही वाचलं होतं. (निवृत्त शिक्षक, देवरुख)

सर, निकेल वापरतात. 1972 च्या कुमाडा-कोरियू कपलिंगमध्ये निकेलच होतं. क्लोराइड तोडायला तर ते पॅलेडियमपेक्षा तयार असतं. अडचण अशी की निकेल शून्य-दोन-शून्य असं शहाण्यासारखं चालत नाही, कधी एक, कधी तीन, मध्येच रॅडिकल (एकट्या इलेक्ट्रॉनचा अस्थिर तुकडा), त्यामुळे पुढे काय होईल ते सांगणं अवघड, हवेलाही जास्त नाजूक, आणि औषधात राहिलं तर त्रासाचंच. तांब्याचं तर 1901 पासून चालू आहे, उल्मान यांनी तांब्याची पूड घालून दोन कड्या जोडल्या होत्या, फक्त 200 अंशांच्या आसपास तापवावं लागायचं.

तुम्ही जे "धातूशिवाय" वाचलंत त्याची गोष्ट मला फार आवडते. 2003 मध्ये लेडबीटर यांच्या गटाने जाहीर केलं की सुझुकी रिअ‍ॅक्शन कोणताही धातू न घालता, नुसतं पाणी, सोडियम कार्बोनेट आणि मायक्रोवेव्हमध्ये होते. खळबळ. मग त्यांनीच प्रामाणिकपणे खोदून काढलं आणि 2005 मध्ये सांगितलं की बाजारातल्या सोडियम कार्बोनेटमध्येच अब्जात 50 भाग पॅलेडियम होतं. म्हणजे एक टन धुण्याच्या सोड्यात 50 मिलिग्रॅम! आणि तेवढ्याने काम होत होतं. लोखंडाचंही तसंच, लोखंडाच्या क्लोराइडने होतात म्हणून छापलेल्या काही कपलिंग रिअ‍ॅक्शन त्यातल्या तांब्याच्या अंशाने होत होत्या असं 2009 मध्ये दाखवलं गेलं.

एवढं होऊन 2021 मध्ये परत तेच. "नेचर कॅटॅलिसिस"मध्ये आलं की एका अमाइनने सुझुकी होते, पॅलेडियम नको. जगभरच्या लोकांनी करून बघितलं, आणि कळलं काय तर ते अमाइन बनवतानाच आधी एका पायरीला पॅलेडियमने कपलिंग केलं होतं, त्यातलं पॅलेडियम लिगंडसकट अमाइनला चिकटून आलं होतं. पेपर त्याच वर्षी मागे घेतला. आमच्याकडे म्हणतात ना, खरकट्या डावाने आमटी ढवळली आणि म्हणे चव कुठून आली.

आणि डावाचंच म्हणाल तर तेही झालंय. रशियातल्या अनानिकोव्ह यांच्या गटाने 2019 मध्ये वापरलेल्या मॅग्नेटिक बीड सूक्ष्मदर्शकाखाली बघितल्या, तर त्या पांढऱ्या टेफ्लॉनच्या चिरांमध्ये पॅलेडियमसकट नाना धातू अडकून बसलेले, धुतल्यावरही. म्हणून कोणी विद्यार्थी "सर, कॅटॅलिस्ट न घालता झाली" म्हणून उड्या मारत आला तर मी आधी त्याच्या हातात कोरी बीड आणि कोरा फ्लास्क देतो. आतापर्यंत तीन वेळा दिलीय, तिन्ही वेळा रिअ‍ॅक्शन झाली नाही.

काजूच्या टरफलातल्या तेलाचं काही होईल का ह्या कपलिंगने? आमच्याकडे ते टनावारी निघतं. (काजू प्रक्रिया करणारे, वेंगुर्ले)

टरफलाचं ते तेल, ज्याने हात काळे होतात आणि कातडी सोलते, ते मुख्यतः अ‍ॅनाकार्डिक अ‍ॅसिड. तापवलं की कार्बन डायऑक्साइड सोडून त्याचं कार्डेनॉल होतं, म्हणजे पंधरा कार्बनची शेपटी लावलेलं फिनॉल. आता फिनॉलचा ओएच पॅलेडियमला नुसता दिला तर ते ढुंकून बघत नाही, कारण ऑक्सिजन-कार्बन बंध तोडणं त्याच्या ताकदीबाहेर. त्या ओएचचं ट्रायफ्लेट, म्हणजे सहज सुटणारा गट, करावं लागतं, मग तो ब्रोमाइडच्या तोडीने वागतो आणि पुढे सुझुकी, हेक जे पाहिजे ते करा. शेपटीत दुहेरी बंध असतात, हेकच्या वेळी ते मध्ये येऊ शकतात, आधी हायड्रोजन देऊन घालवलेले बरे.

पण धंद्याचं म्हणाल तर स्पष्ट सांगतो, ट्रायफ्लेट करायचं जे रसायन आहे ते तुमच्या तेलाच्या कैक पट महाग आहे, त्यावर पॅलेडियम. किलोला मोठी किंमत येईल असा एखादा नेमका रेणू डोळ्यासमोर असेल तरच करा. टनावारी तेलाला ब्रेक लायनिंग, रेझिन आणि रंग हेच गिऱ्हाईक बरं. कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी मात्र उत्तम विषय आहे, कोणी विद्यार्थी आला तर त्याला अर्धा लिटर द्या, आणि हातमोजे घालायला सांगा.

पुढच्या अंकासाठी प्रश्न महिनाअखेरपर्यंत पाठवा. लोट्याच्या केमिस्टनी डायमरचा आकडा जरूर कळवावा, नाव छापणार नाही.